दोघांचा डाव, तिसऱ्याची नाल

लखनौच्या अमीनाबाद बाजारात मराठी बोलणे कानावर पडले तर दचकायचे कारण नाही. जिथे सराफाची पेढी, तिथे चार पावलांवर गलाईचे दुकान आणि गलाईच्या दुकानात बहुधा सांगली जिल्ह्याकडचा माणूस, हे देशातल्या कितीतरी शहरांत ठरल्यासारखे आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हे तालुके दुष्काळी. शेतीवर भागेना, म्हणून तिथली माणसे सोने-चांदी गाळण्याचे काम शिकली आणि त्या कसबाच्या जोरावर कुठल्या कुठे जाऊन राहिली. लखनौला तर मराठी माणूस मुळीच परका नाही. अमीनाबादेजवळच्या कैसरबागेत पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या खटपटीतून १९२६ साली सुरू झालेले संगीत महाविद्यालय आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. गाणे घेऊन कुणी गेला, कुणी मूस आणि चिमटा घेऊन.

असेच एक गलाईवाले कुटुंब. वडिलांना घरात आणि बाजारातही अण्णा म्हणतात. त्यांच्या वडिलांपासून हे दुकान चालत आलेले. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. एक भट्टी, एक काटा, तेजाबाच्या बरण्या आणि भिंतीवर गावच्या देवाची तसबीर. जुने दागिने, तुटक्या साखळ्या, सोनारांच्या दुकानातला केर, सगळे इथे येते. टाकणखार घालून वितळवायचे, मळ वेगळा काढायचा आणि शुद्ध धातू मालकाच्या हाती द्यायचा. दुसऱ्याचे लाखांचे सोने दिवसभर हाताखालून जाते. या धंद्यात भांडवल म्हणजे माणसाचा शब्द. म्हणून अण्णांची वही कधी चुकत नाही. आधीचे वजन, नंतरचे वजन आणि तिसऱ्या रकान्यात घट. सोने कितीही चोख असो, वितळवले की गुंजभर तरी कमी भरतेच. घट किती, हे ज्याला सांगता येते तो खरा गलाईवाला, असे ते म्हणतात.

त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा. मुलगी थोरली. तिने संख्याशास्त्र घेऊन बी. एस्सी. केले आणि आता ती शिकवण्या घेते. मुलगा तिच्याहून चार वर्षांनी लहान. बारावीनंतर दुकानातच बसला. हात साफ, डोके तल्लख, स्वभाव थोडा घुमा. २०२० च्या टाळेबंदीत भट्टी थंड पडली, बाजार ओस पडला आणि घराघरांतल्या मुलांसारखा तोही मोबाइलमध्ये डोके घालून बसू लागला. तिथे त्याला पत्त्यांचा एक खेळ सापडला.

पोकर हे नाव बहुतेकांनी इंग्रजी चित्रपटांत ऐकलेले असते. आपल्याकडे दिवाळीत तीन पत्ती खेळतात, त्याचाच हा लांबचा भाऊ. प्रत्येकाला दोन पाने मिळतात, ती ज्याची त्यालाच दिसतात. मग टेबलावर उघडी पाने येतात. आधी तीन, मग एक, मग आणखी एक. आपली दोन आणि उघडी पाच यांतून ज्याची पाच पाने सरस, त्याचा डाव. दर टप्प्याला रक्कम लावायची, वाढवायची किंवा पाने टाकून द्यायची. समोरच्याने पाने टाकली तर आपली पाने न दाखवताही डाव आपलाच.

या खेळाचा एक प्रकार आहे ‘हेड्स-अप सिट-अँड-गो’. हेड्स-अप म्हणजे समोरासमोर दोघेच. सिट-अँड-गो म्हणजे बसा आणि सुरू करा. ठरलेली वेळ नाही, दोघे आले की खेळ लागला. दोघांनी सारखी फी भरायची. दोघांना सारख्या सोंगट्या मिळतात, समजा दीड-दीड हजार. एकाच्या सगळ्या सोंगट्या दुसऱ्याकडे गेल्या की खेळ संपला; जिंकणाऱ्याला सगळे, हरणाऱ्याला काही नाही. दहा-पंधरा मिनिटांत निकाल. गर्दी नको, वाट पाहणे नको. घुम्या मुलाला असा खेळ आवडला यात नवल नाही.

पहिले वर्षभर तो खोट्या सोंगट्यांवरच खेळला. खेळ शिकण्याच्या दृष्टीने हे त्याने योग्यच केले, आणि जे शिकला तेही नीट शिकला. तीन पत्तीत सहा-सात जण बसतात, तेव्हा शहाणा माणूस चांगल्या पानांची वाट पाहतो. इथे वाट पाहणारा बुडतो. कारण प्रत्येक हाताला दोघांपैकी एकाला लहान आणि दुसऱ्याला मोठी रक्कम पाने बघण्याआधीच भरावी लागते. तिला ब्लाइंड म्हणतात. आपल्या तीन पत्तीतली बूटच म्हणा ना. ही रक्कम दर काही मिनिटांनी वाढत जाते. दहा-वीसने सुरू झालेला खेळ बघता बघता शंभर-दोनशेवर पोचतो, आणि एक्का-राजाची वाट पाहणाऱ्याच्या सोंगट्या नुसत्या बसल्या जागी झिजतात.

शिवाय चांगली पाने येतात तरी कितीदा? हातात जोडी येण्याचा योग सतरा हातांत एकदा. दोन वेगवेगळी पाने घेऊन बसले, तर पहिल्या तीन उघड्या पानांत त्यांची जोडी लागण्याचा योग साधारण तीनात एकदा. म्हणजे बहुतेक वेळा दोघांच्याही हाती काही नसते! अशा वेळी डाव पानांचा राहत नाही, बोलीचा होतो. आधी बोलायचे की नंतर, यालाही मोल येते. दोघांच्या खेळात ज्याच्याकडे वाटपाची खूण असते तो लहान ब्लाइंड भरतो. सुरुवातीला त्याला आधी बोलावे लागते, पण उघडी पाने आल्यावर पुढच्या प्रत्येक फेरीत तो समोरच्याचे ऐकून मग बोलतो. भाव करताना गिऱ्हाइकाला आधी बोलू देणारा दुकानदार कधी तोट्यात जात नाही, तसेच हे. म्हणून खूण आपल्याकडे असताना बरीचशी पाने खेळावीत आणि नसताना हात आखडता घ्यावा, हा पहिला धडा. दुसरा धडा शेवटी लागतो. आपल्याजवळ मोठ्या ब्लाइंडच्या दहापट किंवा त्याहून कमी सोंगट्या उरल्या की बारीकसारीक चाली संपतात. सगळे लावा किंवा पाने टाका, एवढेच उरते. कुठल्या पानांवर सगळे लावायचे, याची कोष्टके गणिताने बांधलेली आहेत. मुलाने ती पाढ्यांसारखी पाठ केली.

नशिबाचा वाटा किती, हेही त्याला कळले होते, निदान डोक्यात तरी. हातात एक्का-राजा आणि समोरच्याकडे सत्ती-दुर्री, म्हणजे वाईटात वाईट पाने. दोघांनी सगळे लावले, तरी ती वाईट पाने तीनात साधारण एकदा जिंकतात. कळणे वेगळे आणि रात्री साडेअकराला ती दुर्री टेबलावर उतरताना बघणे वेगळे.

२०२१ मध्ये त्याने खरे पैसे भरले. १०५ रुपयांचा खेळ. शंभर डावाचे आणि पाच कंपनीचे. जिंकणाऱ्याला दोनशे. अमीनाबादेत गुरुवारी पक्की दुकाने बंद आणि रस्त्यावर बाजार, असा रिवाज आहे. बाहेर फुटपाथवर कपड्यांचे ढीग, गडबडझाल्यात बांगड्या बघणाऱ्या बायकांची झुंबड, आणि हा वरच्या खोलीत पाय पोटाशी घेऊन बसलेला. पहिल्या शंभर खेळांत त्याने ५८ जिंकले. फी वजा जाता अकराशे रुपयांचा नफा. आपल्याला हे येते, असे त्याला वाटले, आणि ते साहजिक होते. पण कुणी नुसते नाणे शंभर वेळा उडवले, तरी ५८ किंवा जास्त वेळा छापा पडण्याचा योग पंधरात एकदा येतोच. असे शंभर नवखे खेळायला बसले तर त्यांतल्या सहा-सात जणांना ‘आपल्याला हे येते’ असे वाटणार, आणि त्यांतल्या कुणालाही कदाचित काहीच येत नसणार! ही गोष्ट पहिल्या शंभर खेळांत कळायला मार्ग नसतो. खेळाची सगळी जादू आणि सगळा धोका इथेच आहे.

त्या दिवाळीत तो थेट दहापट मोठ्या टेबलावर गेला. हजाराचा डाव, वर पन्नास फी. तीन रात्रींत, एका वेळी दोन-दोन टेबले उघडून, तो ६४ खेळ खेळला. जिंकले २४, हरले ४०. तोटा १९,२०० रुपये. शेवटच्या रात्री तो कोष्टके विसरला होता. गेलेले परत आणायला बसलेला माणूस कोष्टके बघत नाही, तो फक्त पुढचा डाव लवकर कधी लागतो ते बघतो. आणि या प्रकारात पुढचा डाव लगेच लागतो, हेच तर त्याच्या नावात आहे.

एकोणीस हजारांनी काही घर बुडत नाही. पण त्यांतले बारा हजार दुकानाच्या खात्यातले होते. सराफ मजुरीचे पैसे मोबाइलवरून ज्या खात्यात टाकतात, ते खाते मुलगाच बघत असे. सकाळपर्यंत भरून टाकू, अशा विचाराने घेतले. जगात अशा विचाराने घेतलेले पैसे सकाळपर्यंत क्वचितच भरले जातात.

अण्णांना चौथ्या दिवशी कळले. अण्णा ओरडले नाहीत. आईच रडली, आणि रडता रडता तिने एकच प्रश्न विचारला, ‘‘अरं, समोर कोण बसलाय ते तरी ठावं हाय का तुला?’’ मुलाला उत्तर देता आले नाही. पडद्यावर टोपणनाव होते, एक वाघाचे चित्र होते. एवढेच.

आईचा प्रश्न साधा वाटतो, पण तो जगातल्या मोठ्या मोठ्या प्रयोगशाळांतून फिरून आलेला आहे. दोन माणसांच्या खेळाचे गणित जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये मांडले, तेव्हापासून पोकर हा गणितज्ञांच्या आवडीचा विषय. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी जाहीर केले, की ठराविक मर्यादेत बोली लावायच्या दोघांच्या पोकरचे कोडे संगणकाने जवळपास पूर्ण सोडवले आहे. माणूस आयुष्यभर खेळत राहिला तरी त्या संगणकाला हरवल्याचे खात्रीने सांगता येणार नाही. मर्यादा नसलेला खेळ अवघड राहिला होता. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या संगणकाने चार निष्णात खेळाडूंशी वीस दिवसांत एक लाख वीस हजार हात खेळून तोही जिंकला. सहा जणांच्या टेबलावर संगणक वरचढ ठरायला २०१९ उजाडले. म्हणजे माणसे एकत्र बसतात तो खेळ उशिरा पडला, आणि दोघेच बसतात तो आधी. आता असा संगणक काही प्रत्येक वाघाच्या चित्रामागे बसलेला नसतो. पण नसतोच, असे छातीठोकपणे कोण सांगणार? कंपन्या अशा खेळाडूंना शोधून काढतात, खाती बंद करतात. तरीही आईचा प्रश्न उरतोच.

लखनौत दोघांच्या खेळाची गोष्ट निघाली की प्रेमचंदांचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. त्यांची ‘शतरंज के खिलाडी’ ही कथा १९२४ ची. वाजिद अली शाहची गादी जाते आहे आणि दोन जहागीरदार पटावरून उठायला तयार नाहीत. शेवटी खेळावरून भांडून एकमेकांना ठार करतात. सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये चित्रपट काढला तेव्हा शेवट बदलला आणि दोघांना जिवंत ठेवले. या कथेचा दाखला देऊन खेळाच्या नादाला नावे ठेवायची पद्धत आहे. पण मिर्झा आणि मीर यांच्या खेळात एक गोष्ट चोख होती. पट दोघांपुढे उघडा होता, आणि प्रत्येक डावाला त्यांच्यातून पाच रुपये उचलणारा तिसरा कुणी तिथे नव्हता.

अण्णांचे लक्ष नेमके त्या तिसऱ्याकडे गेले. आपल्याकडे जुगाराच्या अड्ड्यावर मालक प्रत्येक डावातून जो हिस्सा काढतो त्याला ‘नाल’ म्हणतात. अण्णांनी मुलाला समोर बसवले आणि दुकानातली एक कोरी वही काढली.

‘‘किती डाव खेळलास, किती लागलं, किती आलं, आन् नाल किती गेली, ते समदं लिव,’’ ते म्हणाले.

‘‘अण्णा, मी परत खेळणार नाय.’’

‘‘खेळू नगंस म्हणालो का मी? चोरून खेळशील त्यापेक्षा वहीत खेळ. बारा हजार पगारातनं फेड. शंभराच्या वर जायाचं न्हाय. आन् वही दर म्हैन्याला माझ्याम्होरं.’’

शेजारपाजारच्यांना हे विचित्र वाटले असते. कित्येक घरांत मोबाइल फोडला गेला असता, शपथा घातल्या गेल्या असत्या, आणि दोन महिन्यांनी दुसरा मोबाइल आला असता. अण्णांचा उपाय सगळ्यांना लागू पडेल असेही नाही. ज्याला खेळाचे खरेच व्यसन जडले आहे, जो वहीतही खोटे लिहील, त्याला वही कामाची नाही; त्याला डॉक्टरकडेच न्यावे लागते. या मुलाला वहीची सवय लहानपणापासून होती, आणि वहीत खोटे लिहिणे त्याला भट्टीत माती टाकण्याइतके पाप वाटत होते, म्हणून जमले.

बारा हजार सात महिन्यांत फिटले. खेळ चालू राहिला. महिन्याला पन्नास-साठ, कधी त्याहून कमी. सप्टेंबर २०२३ अखेर बेरीज केली तेव्हा एकूण खेळ भरले १,२००. जिंकलेले ६१८, हरलेले ५८२. मुलगा खूश होता. छत्तीस डाव वर! माणसांशी खेळून ३,६०० रुपये जास्त मिळवले होते. मग अण्णांनी नालीच्या रकान्याची बेरीज मागितली. १,२०० गुणिले पाच, सहा हजार. म्हणजे हाती नफा नाही, २,४०० चा तोटा.

या हिशेबात कुणाची लबाडी नाही. फी पडद्यावर लिहिलेली असते, प्रत्येक जण ती वाचून भरतो. शंभराला पाच म्हणजे काय मोठे, असे वाटते. पण १०५ भरून २०० मिळवायचे असतील, तर नुसते बरोबरीत राहायलाही शंभरातले साडेबावन्न डाव जिंकावे लागतात. दोन सारख्या ताकदीचे खेळाडू रात्रभर खेळले तर एकाचे शंभर दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे पहिल्याकडे, आणि प्रत्येक फेरीला दहा रुपये कमी. तेच सोने पुन्हा पुन्हा मुशीत घालावे आणि दर वेळी थोडे धुरात जावे, तसे. अण्णांनी हे वाक्य बोलून दाखवले नाही. त्यांनी फक्त नालीच्या रकान्यावर जे शीर्षक होते ते खोडून तिथे ‘घट’ असे लिहिले.

यापुढचे थोरल्या बहिणीने सांगितले, आणि ते मुलाला तोट्यापेक्षा जास्त लागले. ती म्हणाली, ‘‘सहाशेच्या जागी सहाशे अठरा जिंकलास ना? बाराशे वेळा नाणं उडवलं तर सहाशेच्या खाली-वर सतरा-अठराचा फरक अगदी सहज पडतो रे. तू चांगला खेळतोस हे सुद्धा या वहीवरून सिद्ध होत नाही.’’ भावाने वही ओढून घेतली. ती खोटे बोलत नव्हती हे त्याला ठाऊक होते. शंभर खेळांवर माणूस स्वतःविषयी मत बनवतो आणि बाराशे खेळांनंतर गणित म्हणते, अजून सांगता येत नाही! मग जो हजार-हजार खेळ खेळून, वही न ठेवता, ‘साधारण बरोबरीत आहे’ असे सांगतो, त्याचे काय? बहुधा तो बरोबरीत नसतो. हरलेले डाव विसरण्याची देणगी देवाने सगळ्यांना सढळ हाताने दिली आहे.

त्यातच सरकारने आपला रकाना वाढवला. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के कर कापला जाऊ लागला. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पैशावर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागला. हजार रुपये भरले तर कर जाऊन खेळायला उरत ७८१. काही कंपन्यांनी तो भार बोनसच्या रूपाने स्वतःकडे घेतला, पण बोनस हा बोनस असतो, त्याच्या अटी असतात. मुलाने त्यानंतर नवे पैसे भरले नाहीत. वहीतल्या नोंदी विरळ होत गेल्या.

हा खेळ कायद्याने चालतो की नाही, याचाही घोळ जुना आहे. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा नशिबाच्या खेळांवर बडगा उगारतो, पण निव्वळ कौशल्याच्या खेळांना सोडतो. पत्त्यांत कौशल्य किती? सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ ठरवले. त्याच निकालात न्यायालयाने असेही सुचवले होते, की जागेचा मालक त्या खेळातून नफा कमावत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे नाल न्यायमूर्तींच्याही नजरेतून सुटली नव्हती. पुढे २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे पोकरचा प्रश्न आला, तेव्हाही कौशल्याचीच बाजू उचलली गेली. कौशल्य आहेच, यात शंका नाही. लिब्राटसने चार निष्णातांना हरवले ते काही नशिबाने नाही. पण कौशल्याचा खेळ आहे याचा अर्थ आपल्याजवळ ते कौशल्य आहे असा होत नाही, आणि असले तरी ते नालीपेक्षा मोठे आहे असाही होत नाही. जाहिरातींत या तिन्ही गोष्टी एकच म्हणून विकल्या जात होत्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने हा वादच बाजूला सारला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद करणारा कायदा दोन दिवसांत दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कंपन्या न्यायालयात गेल्या. पण पैशांची टेबले त्याच आठवड्यात भराभर मिटली. ज्यांची त्यावर नोकरी होती त्यांचे हाल झाले, हेही खरे. आणि परदेशातून चालणाऱ्या, कुणालाच जबाबदार नसणाऱ्या संकेतस्थळांकडे काही जण वळतील, ही भीतीही निराधार नाही. तिथे तर नाल किती हेसुद्धा कुणी लिहून देत नाही.

मुलाच्या खात्यात १,३४० रुपये पडून होते. ते परत मागवता आले. सात तारखेला त्याने ते आईच्या हातात दिले, तर ती म्हणाली, ‘‘मला कशाला? दुकानाच्या गल्ल्यात टाक.’’

त्याला खेळ अजून आवडतो. पैसे न लावता पत्ते खेळायला कुणाची आडकाठी नाही, तेव्हा गुरुवारी दुपारी जेवणे झाली की बहीण-भाऊ सतरंजीवर बसतात. काड्यापेटीतल्या पन्नास काड्या, पंचवीस हिच्या, पंचवीस त्याच्या. ब्लाइंड वाढवायला भिंतीवरचे घड्याळ. समोर कोण आहे ते दिसते. बहिणीकडे चांगली पाने आली की ती केसांची बट कानामागे सारते, हे त्याला कळले आहे, आणि त्याला कळले आहे हे तिलाही कळले आहे, त्यामुळे हल्ली ती बट उगाचच सारते. शिकायला आलेल्या दोन मुलीही कधीकधी थांबून बघतात. अण्णांना खेळ आता पुरता समजतो. मध्येच एखाद्या चुकीवर ‘‘कशापायी गेलास पुढं?’’ म्हणून विचारतात. पण स्वतः पाने हातात घेत नाहीत. डाव मोडला की पुढे होऊन काड्या गोळा करतात आणि मोजून पेटीत भरतात. पन्नासच्या पन्नास.